गुंठ्याला नोटीस मिळते, नावाला का नाही?

प्रति,
माननीय केंद्रीय मंत्री,
इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालय, नवी दिल्ली

महोदय,



माझे वडील तलाठी होते. सातारा जिल्ह्यातल्या चार सजांवर त्यांची नोकरी झाली. दप्तर बरेचदा घरीच असायचे, त्यामुळे गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही, माझ्या लहानपणापासून ओळखीची. फेरफार धरला की संबंधितांना नोटीस जायची. हरकतीसाठी १५ दिवस. नोंदीची प्रत चावडीवरही लागायची. हरकत आली तर तिची तक्रारींच्या वहीत वेगळी नोंद व्हायची, वरचा अधिकारी दोन्हीकडचे ऐकून घ्यायचा आणि त्याचाही निकाल पटला नाही तर प्रांताकडे अपील करता यायचे. एक गुंठा असो की वीस एकर, क्रम हाच. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५० मध्ये तो लिहिलेला आहे. या व्यवस्थेलाही पळवाटा आहेत, गावोगावची भाऊबंदकी त्याला साक्ष आहे. पण उताऱ्यावरचे आपले नाव कमी होणार असेल तर ते माणसाला आधी कळले पाहिजे, एवढे तरी तिथे कायद्यात आहे.

आपल्या मंत्रालयाच्या अखत्यारीत नावांची दुसरी एक नोंदवही आहे. डॉट इन आणि डॉट भारत या नावांची. ती सांभाळणारी निक्सी ही संस्था आपल्याच मंत्रालयाच्या छायेखाली आहे आणि आपल्या खात्याचे सचिव तिचे अध्यक्ष असतात. त्या नोंदवहीबद्दल, आणि तिच्याही वर असलेल्या जगाच्या नोंदवहीबद्दल, मला आपल्याशी बोलायचे आहे.

मी आमच्या तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयाचे संकेतस्थळ सांभाळतो. पगारी काम नाही. कार्यकारिणीवर होतो तेव्हा गळ्यात पडले आणि मग आवडीचे झाले. संकेतस्थळाचे नाव डॉट ऑर्गमधले आहे. ते घेतले तेव्हा तत्कालीन कार्यवाहांचा ईमेल पत्ता दिला होता. कार्यवाह वारले. नावाच्या नोंदीतली माहिती बरोबर आहे का, असे विचारणारी वार्षिक मेल त्यांच्या बंद पडलेल्या पत्त्यावर गेली आणि परत आली. पत्ता चुकीचा दिसला तर खात्री करून घ्यायची आणि १५ दिवसांत उत्तर आले नाही तर नाव स्थगित करायचे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. त्याप्रमाणे नाव विकणाऱ्या कंपनीने ते स्थगित केले. दिवाळी अंक योजनेची नावनोंदणी सुरू होती, तोच आठवडा. सकाळी सभासदांचे फोन सुरू झाले की पानच उघडत नाही.

संकेतस्थळ जागेवर होते. ग्रंथसूची, सभासदांच्या याद्या, जुन्या व्याख्यानमालेच्या ध्वनिफिती, सगळे सर्व्हरवर शाबूत होते. गेले होते फक्त नाव. आणि नावाबरोबर वाचनालयाचा ईमेलही गेला, कारण तोही त्याच नावावर चालतो. म्हणजे "आम्हीच मालक आहोत" हे सिद्ध करायची मेल ज्या पेटीत यायची, ती पेटीच कुलूपबंद. धर्मादाय आयुक्तांकडचे नोंदणी प्रमाणपत्र, कार्यकारिणीचा ठराव, कार्यवाहांचा मृत्यूचा दाखला, सगळे स्कॅन करून पाठवले. उत्तरे यंत्राची यायची. अकराव्या दिवशी नाव परत मिळाले. यात कोणाचा डाव नव्हता, कोणाचे वैरही नव्हते. आमची चूक होती हेही कबूल. पण त्या अकरा दिवसांत मला पहिल्यांदा उमगले, की ज्याला आम्ही "आमचे" नाव म्हणत होतो ते कधीच आमचे नव्हते.

डोमेन विकत घेतले असे आपण म्हणतो. विकत काहीच मिळत नाही. वर्षाच्या बोलीने, एका वेळी फार तर दहा वर्षांसाठी, ते वापरायला मिळते. आमच्या हातात रजिस्ट्रारचे, म्हणजे नाव विकणाऱ्या कंपनीचे, खाते. रजिस्ट्रारच्या वर त्या त्या शेपटाची एकच रजिस्ट्री: डॉट कॉमची व्हेरिसाइन, डॉट ऑर्गची पब्लिक इंटरेस्ट रजिस्ट्री, डॉट इनची निक्सी. त्या सगळ्यांच्या वर मूळ यादी, जिला तंत्रज्ञ रूट झोन म्हणतात. तिच्यात कोणते शेपूट कोणाच्या ताब्यात एवढेच लिहिलेले असते. ही यादी आयकॅन या कॅलिफोर्नियातल्या ना-नफा संस्थेच्या देखरेखीखाली असते. या साखळीत वरच्या कोणत्याही कडीने एक ओळ पुसली की खालचे सगळे नकाशावरून जाते.

यादी एकच का, असा प्रश्न साहजिक आहे, आणि त्याचे उत्तर मला पटलेले आहे. एकच नाव दोघांना दिले तर पत्ता या शब्दाला अर्थ उरत नाही. गावात एका गट क्रमांकाचे दोन सातबारे निघाले तर काय होते ते मी पाहिले आहे. म्हणून यादी मोडा, ज्याने त्याने आपली यादी करावी, असे मी म्हणत नाही. यादी एक असणे ही गरज आहे. पण यादी ज्याच्या हाती, त्याच्या हाताला नियम नसणे ही गरज नाही. या दोन गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या आहेत, आणि त्या सोडवणे सरकारांच्या हातात आहे.

सुरुवातीला तर ही यादी अक्षरशः एका माणसाच्या हाती होती. जॉन पोस्टेल हे दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संस्थेतले संगणकशास्त्रज्ञ ती सांभाळत. २८ जानेवारी १९९८ रोजी त्यांनी मूळ सर्व्हर चालवणाऱ्यांना एक ईमेल पाठवली: यापुढे यादी अमेरिकी सरकारच्या कंत्राटदाराकडून न घेता माझ्याकडून घ्या. बारांपैकी आठ जणांनी ऐकले. जगातल्या इंटरनेटचा बराच मोठा भाग एका ईमेलवर दुसऱ्या हातात गेला. काही दिवसांत वॉशिंग्टनच्या दबावाने ते पूर्ववत झाले आणि पोस्टेल यांनी ही चाचणी होती असे सांगितले. त्याच वर्षी आयकॅन स्थापन झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पोस्टेल गेले. ते सचोटीचे होते, सगळे त्यांना मानत. माझा मुद्दा त्यांच्याबद्दल नाहीच. पुढचा माणूस तसाच असेल याची हमी कोणत्या कागदावर होती?

नाव बंद पडण्याची भीती फक्त आमच्यासारख्या छोट्यांना आहे असेही नाही. २४ सप्टेंबर २०१८ रोजी झोहो डॉट कॉम हे नाव बंद पडले. चेन्नईची, तामिळनाडूच्या मातीत वाढलेली ही कंपनी. तीन कोटींहून जास्त लोक तिची मेल आणि हिशेबाची साधने वापरत होते. अमेरिकेतल्या त्यांच्या रजिस्ट्रारने फसव्या मेलच्या तक्रारींवरून नाव थांबवले. तक्रारी किती? झोहोच्या म्हणण्याप्रमाणे दोन महिन्यांत तीन, त्यातल्या दोन निकाली काढलेल्या. शेवटी संस्थापक श्रीधर वेंबू यांना ट्विटरवर उघडपणे मदत मागावी लागली. नाव परत आले, कंपनीने रजिस्ट्रार बदलला. वेंबूंना लाखो लोक ओळखतात म्हणून त्यांचे काही तासांत ऐकले गेले. आमच्या वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंना ट्विटरवर कोण ओळखते?

कधी कधी वाईट हेतूही लागत नाही. १२ ऑक्टोबर २००९ रोजी स्वीडनच्या डॉट एसई यादीत देखभालीचे काम चालू असताना एक टिंब लिहायचे राहिले. एक टिंब. सुमारे नऊ लाख नावे त्याबरोबर सापडेनाशी झाली. चूक तासाभरात दुरुस्त झाली, पण जुनी उत्तरे साठवून ठेवणाऱ्या यंत्रांमुळे परिणाम कितीतरी वेळ रेंगाळला. सगळी अंडी एका टोपलीत ठेवली की टोपली नेणाऱ्याला ठेच लागण्याचाही विचार करावा लागतो.

मग विक्री. डॉट ऑर्ग हे शेपूट जगभरच्या सामाजिक संस्थांनी आपले मानले. एक कोटीहून अधिक नावे त्यात आहेत, आमचे वाचनालयही. जून २०१९ च्या अखेरीस आयकॅनने केलेल्या नव्या करारात डॉट ऑर्गच्या किमतीवरची मर्यादा काढून टाकली. नोव्हेंबर २०१९ मध्ये बातमी आली, की इंटरनेट सोसायटी ही संस्था डॉट ऑर्गची रजिस्ट्री इथॉस कॅपिटल या खासगी गुंतवणूक कंपनीला विकते आहे, ११३.५ कोटी डॉलरना. ज्यांची नावे त्या वहीत होती त्यांना कोणी विचारले नव्हते. जगभरच्या संस्थांनी विरोध केला, कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्त्यांनी आयकॅनला हरकतीचे पत्र लिहिले आणि ३० एप्रिल २०२० रोजी आयकॅनच्या संचालक मंडळाने परवानगी नाकारली. त्या रात्री मी वाचनालयाच्या समितीच्या व्हॉट्सअॅप गटावर ही बातमी टाकली. टाळेबंदीचे दिवस होते, सगळ्यांना दुसरी काळजी होती, कोणी फारसे उत्तर दिले नाही. मला मात्र झोपेत कोणी घर विकता विकता राहिले, असे वाटले.

आता युद्धाबद्दल. २८ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनचे उपपंतप्रधान मिखाइलो फेदोरोव्ह यांनी आयकॅनला पत्र लिहून मागणी केली, की रशियाची डॉट आरयू आणि इतर शेपटे मूळ यादीतून काढून टाका. युक्रेनवर बाँब पडत होते. ती मागणी करणाऱ्या माणसाची वेदना मला कळते, आणि युद्ध कोणी लादले याबद्दलही माझ्या मनात शंका नाही. तरीही २ मार्चला आयकॅनचे तेव्हाचे प्रमुख योरान मार्बी यांनी दिलेला नकार मला बरोबर वाटतो. आपले काम इंटरनेट चालू ठेवण्याचे आहे, थांबवण्याचे नाही, आणि एकतर्फी देशाचे शेपूट काढणे आपल्या धोरणात बसत नाही, असा त्या उत्तराचा आशय होता. त्या दिवशी रशियाची ओळ पुसली असती, तर पुढच्या वेळी कोणाची पुसायची याची यादी प्रत्येक बलाढ्य देशाने तयार ठेवली असती. तेव्हा डॉट इनचे काय, हा प्रश्न आपल्यालाही विचारावा लागला असता. शिवाय डॉट आरयू बंद झाल्याने पहिले मुके झाले असते ते त्याच देशातले युद्धाविरुद्ध बोलणारे लोक.

लोकशाही देशही या मोहातून सुटत नाहीत. अमेरिकेच्या यंत्रणांनी नोव्हेंबर २०१० मध्ये हिपहॉप संगीताबद्दल लिहिणारे एक संकेतस्थळ, दजाझवन डॉट कॉम, कॉपीराइटच्या नावाखाली जप्त केले. वर्षभराहून जास्त काळ ते सरकारकडे राहिले आणि डिसेंबर २०११ मध्ये कोणताही आरोप न ठेवता परत दिले गेले. एक वर्ष एखाद्या दुकानाची पाटी पोलिसांकडे राहिली तर दुकान राहील का?

पण मला सगळ्यात जास्त चटका लावणारी घटना बार्सिलोनाची आहे, आणि मराठी माणूस म्हणून ती मी आपल्यापुढे मुद्दाम ठेवतो. डॉट कॅट हे शेपूट कॅटलान भाषेसाठी आणि संस्कृतीसाठी आहे. २००५ मध्ये ते मान्य झाले. एका भाषेच्या समाजाला मिळालेले हे पहिलेच. देशाचे नाही, धंद्याचे नाही, भाषेचे! कॅटलान भाषक ते केवढ्या अभिमानाने मिरवत असतील याची कल्पना मराठीला अभिजात दर्जा मिळाला तो दिवस पाहिलेल्या माणसाला सहज येईल. २०१७ मध्ये कॅटलोनियाने स्वातंत्र्याच्या प्रश्नावर सार्वमत ठरवले, स्पेनच्या न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. मग न्यायालयाचा आदेश भाषेच्या या रजिस्ट्रीकडे आला, की सार्वमताची माहिती असलेली डॉट कॅटमधली सगळी नावे बंद करा. २० सप्टेंबर २०१७ रोजी स्पेनच्या सशस्त्र पोलिसांनी रजिस्ट्रीच्या कार्यालयावर छापा घातला आणि तिच्या तांत्रिक विभागाच्या प्रमुखाला अटक केली. सार्वमत योग्य की अयोग्य, तो त्यांचा प्रश्न. पण ज्या दाराने कविता, पाककृती आणि शाळांची वेळापत्रके जात होती, तेच दार राजकीय भांडणात पोलिसांच्या हाती आले. भाषेचे एकच दार असले की असे होते.

आता घराकडे येतो. २७ ऑगस्ट २०१४ रोजी डॉट भारत देवनागरीत सुरू झाले. मराठी, कोकणी, हिंदी, नेपाळी, मैथिली, डोगरी, बोडो, सिंधी अशा आठ भाषांना एकच देवनागरी शेपूट. मला त्या दिवशी मनापासून आनंद झाला होता आणि आजही आहे. यंत्राच्या पोटात ते नाव रोमन अक्षरांच्या सांकेतिक रूपातच फिरते, पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आपली अक्षरे असतात. मला वाचनालयाचे नाव तिथे न्यायचे आहे. सभेत विषय निघाला तेव्हा एका जुन्या सभासदाने विचारले, "तिथे बंद पडले तर दाद कुठे मागायची?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

हा प्रश्न हवेतला नाही. २०२० मध्ये पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या नव्या मसुद्यावर हरकती मागवल्या होत्या. मुलांच्या एका गटाने, फ्रायडेज फॉर फ्युचर इंडियाने, लोकांना मंत्र्यांकडे ईमेल पाठवायला सांगितले. जुलैमध्ये त्यांचे डॉट इनमधले संकेतस्थळ उघडेनासे झाले. दिल्ली पोलिसांनी डोमेन पुरवणाऱ्याला दिलेल्या नोटिशीत यूएपीएचे, दहशतवादविरोधी कायद्याचे, कलम होते. गवगवा झाल्यावर ती नोटीस चुकून गेली असे सांगून मागे घेतली. आणखी दोन पर्यावरणवादी गटांची संकेतस्थळेही त्याच सुमारास बंद झाली होती. नोटीस मुलांना नव्हे, नाव पुरवणाऱ्याला गेली, हे लक्षात घ्या. फेरफाराची नोटीस शेतकऱ्याऐवजी खत-दुकानदाराला द्यावी, तसे हे झाले.

संकेतस्थळे अडवण्याबद्दलच्या, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ खालच्या २००९ च्या नियमांतही असेच भगदाड आहे. नियम ८ म्हणतो की संबंधित "व्यक्ती किंवा मध्यस्थ" शोधून त्याला बाजू मांडायला बोलवावे. तो "किंवा" सगळे बिघडवतो, कारण मध्यस्थाला कळवले की काम भागते आणि ज्याचे लिखाण आहे तो अंधारात राहतो. नियम १६ ने वर गुप्ततेचे झाकण घातले आहे. हुंड्यावर उपहासाने टीका करणारे एका पत्रकाराचे संकेतस्थळ २०१८ मध्ये बंद झाले. सेवादात्यांमार्फत त्याची वाट अडवली गेली. बंदीचा आदेश पाहायला मिळावा म्हणून त्याला दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले आणि मे २०२२ मध्ये न्यायालयाने आदेशाची प्रत द्या, म्हणणे ऐकून घ्या असे सांगितले, तेव्हा ते झाले. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात कलम ६९-अ वैध ठरवले, त्यात कारणे लेखी नोंदवायची असतात आणि ती न्यायालयात तपासता येतात, हा एक मोठा आधार होता. जे कारण माणसाला दाखवलेच जात नाही ते तो कुठे तपासून घेणार?

मी फसवणुकीच्या बाजूने बोलत नाही. खोट्या बँकांच्या पानांनी आमच्या तालुक्यातली पेन्शनरांची खाती रिकामी केली आहेत, मी त्यांच्याबरोबर पोलीस ठाण्यात बसलो आहे. अशी नावे तासाभरात गेलीच पाहिजेत. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये बँकांसाठी वेगळे बँक डॉट इन जाहीर केले, ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत दिली, हे पाऊल मला पटते. पण त्याची नोंदणी हैदराबादच्या एकाच संस्थेकडे, आयडीआरबीटीकडे आहे. महाराष्ट्रातल्या सहकारी बँकांसह साऱ्या देशाच्या बँका एका शेपटावर, एका रजिस्ट्रारमार्फत. स्वीडनमधल्या त्या एका टिंबाची आठवण ठेवून तिथली पर्यायी व्यवस्था काय, ती किती वेळा तपासली जाते, हे लोकांना सांगितले पाहिजे.

माझी मागणी फार मोठी नाही. निक्सीने आणि तिच्या रजिस्ट्रारांनी कोणतेही नाव थांबवले की नावधारकाला त्याच दिवशी लेखी कारण आणि कायद्याचे कलम कळवावे. त्या नावावरच्या ईमेलवर नव्हे, कारण तो तर बंद पडलेला असतो. फोनवर आणि टपालाने. उघड फसवणूक असेल तर आधी थांबवा आणि मग ऐका. मजकुराबद्दल तक्रार असेल तर आधी ऐका. नावावरून व्यापारचिन्हाचा तंटा झाला तर डॉट इनमध्ये लवाद नेमण्याची पद्धत २००५ पासून आहे. स्थगितीसाठीही तसाच, मंत्रालयाबाहेरचा लवाद हवा आणि त्याने थोड्या दिवसांत निकाल द्यावा. दर तिमाहीला किती नावे कोणाच्या सांगण्यावरून थांबवली याचा तक्ता प्रसिद्ध व्हावा. आणि नियम ८ मधला तो "किंवा" काढून तिथे "आणि" घालावा.

बाहेरच्या जगात भारताचा शब्द आता वजनदार आहे. २०११ मध्ये आपल्या देशाने संयुक्त राष्ट्रांत ५० सरकारांची समिती इंटरनेटवर बसवावी असा प्रस्ताव मांडला होता. २०१५ मध्ये ब्युनोस आयर्सला आपण भूमिका बदलली आणि सरकारांबरोबर तंत्रज्ञ, कंपन्या, विद्यापीठे, नागरी संस्था या सगळ्यांनी मिळून कारभार करावा याला पाठिंबा दिला. १ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकी सरकारचा आयकॅनबरोबरचा करार संपला आणि त्यानंतरची आयकॅनची पहिली मोठी बैठक नोव्हेंबरमध्ये आपल्या हैदराबादेत झाली. ती भूमिका सोडू नका. किल्ली वॉशिंग्टनच्या खिशातून काढून दिल्लीच्या खिशात ठेवणे म्हणजे ती सुरक्षित झाली असे नव्हे. पण बाहेर हे बोलायचे, तर घरची वही आधी तशी ठेवावी लागेल.

आमच्या वाचनालयाची वार्षिक सर्वसाधारण सभा श्रावणात असते. नावाचे नूतनीकरण डॉट ऑर्गवरच करायचे की डॉट भारतवर जायचे, हा विषय यंदाच्या कार्यक्रमपत्रिकेवर पाचवा आहे. त्या सभासदाचा प्रश्न इतिवृत्तात नोंदवलेला आहे आणि त्याच्यापुढची जागा मी मोकळी सोडली आहे. आपले उत्तर तोवर आले, तर ते सभेत वाचून दाखवून तिथे लिहीन.

आपला,
एका सार्वजनिक वाचनालयाचा सभासद
सातारा जिल्हा